घर न सापडलेला कारभारी

माझा मुलगा मुरारी शिमगा उलटल्यावर गेला, पण त्याचं मशीन काही मरायला तयार होईना.

मशीन म्हणजे त्याचा कॉम्प्युटर. ओटीच्या कडेला जी खोली आहे, जिथं पूर्वी आमच्या भाताच्या कणग्या असायच्या, तिथं त्यानं आपलं दुकान मांडलं होतं. दुकान मी म्हणते, तो काम म्हणायचा. मुंबईची नोकरी सुटली तसा हा पठ्ठ्या दोन बॅगा आणि पोतंभर तारा घेऊन उमरठला परत आला, आणि महाडच्या हापिसांनी भंगारात काढलेले कॉम्प्युटर टेम्पोत घालून घरी आणायला लागला. गावातल्या बायका मला विचारायच्या, "आवडीकाकी, मुरारीनं भंगाराचा धंदा काढला काय गो?" मी म्हणायची, "होय, तुझ्या घरचं पण नेईल. नवऱ्याला तेवढं आंघोळ घालून ठेव."

मी शाळेचं तोंड दोन वर्षं बघितलं असेल नसेल. पण आपला पोरगा दिवसभर काय करतो ते आईला ठाऊक पाहिजे, म्हणून मी पाट टाकून त्याच्यासमोर बसायची आणि सांग म्हणायची. तो सांगायचा. प्रत्येक कॉम्प्युटरच्या पोटात एक कारभारी असतो, त्याला कर्नेल म्हणतात. पडदा, कीबोर्ड, डिस्क, सगळ्यांना ओळखणारा तो आणि सगळ्यांना कामाला जुंपणारा पण तोच. लिनक्स नावाचा तयार कारभारी फुकट मिळतो, तो जगातल्या झाडून सगळ्या यंत्रांना ओळखतो.

"म्हणजे दोघांच्या लग्नाला हजार माणसांची वरात," मी म्हटलं.

"बरोब्बर, आये. आणि आपल्या म्हाताऱ्या मशिनीला एवढ्या वरातीचं जेवण झेपत नाय."

म्हणून तो वरात कापायचा. लिनक्सचा कर्नेल घरच्या घरी बांधता येतो म्हणे. नको तो पाहुणा गाळायचा, लागेल तेवढाच ठेवायचा. असा हलका कारभारी आत बसवला आणि वरची मांडणीही बेताची ठेवली की कुणी फेकून दिलेलं धूडसुद्धा पटकन उठून बसायचं. अशी मशिनं तो वरंधकडच्या डोंगरातल्या शाळांना नेऊन लावायचा. आणि एक गंमत त्यानं मला दाखवली होती. ज्यानं कर्नेल बांधला त्याचं नाव त्यात कायमचं राहतं. मशीन उठलं की अगदी वरच्या ओळीत ते येतं, इंग्रजीत. मला इंग्रजी येत नाही, पण कळपातली आपली गाय शिंगावरून कळते तसं मला ते नाव कळायला लागलं होतं.

ज्या दुपारी तो गेला त्या दुपारी मी डोळे दाखवायला महाडला गेले होते. सून अनुपमा मागे परसात होती. मुरारीनं नवा कर्नेल बांधला, सगळ्यात हलका, मशीन त्याच्यावर सुरू केलं, आणि पडद्याकडे बघता बघता खुर्चीतच मान टाकली. छातीनं दगा दिला.

आमच्यात जिथं जीव जातो तिथं पिठावर दिवा ठेवतात. त्याला विझू द्यायचं नसतं. त्याच खोलीत, त्याच टेबलाच्या पायाशी दिवा ठेवला. वर मशीन चालूच होतं. भावकीतल्या कुणीतरी त्याच्या बटणाकडे हात नेला आणि मी तशा अवस्थेत ओरडले, "हात मागं घे! तो पण त्यानंच लावलेला दिवा हाय."

तेराव्याला पिठावरचा दिवा रीतीनं हलवला. मशीनला निरोप द्यायची रीत भटजींना ठाऊक नव्हती. ते राहिलं. मी सांगून टाकलं, वर्षश्राद्ध होईपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही. घरात माझा शब्द मोडायची पद्धत नाही.

लोकांची वर्दळ संपली, घर शांत झालं, तेव्हा कुठं आम्हाला कळलं की ते मशीन चालू नव्हतं. ते मरत होतं आणि उठत होतं.

आधी एक बारीक शिट्टी, टूं. पडदा उजळायचा. वर माझ्या पोराचं नाव. मग ओळीवर ओळी भराभर चढत जायच्या, कुणीतरी घाईनं घाटी चढून यावं तशा. आणि एका जागी येऊन थांबायच्या. दर खेपेला त्याच जागी. थोडा वेळ सगळं स्तब्ध. मग काळोख. आणि पुन्हा टूं.

आमच्या वाडीत बारा महिने कुलपं. माणसं मुंबईला, घरं इथं. एवढ्या रिकाम्या वाडीत तो आवाज भर दुपारी पार पाणवठ्यापर्यंत जायचा. पावसात लाईट जायची तेव्हा गप्प व्हायचं, वाटायचं सुटलं. लाईट आली की कुणी बटण न दाबता आपलं आपण, टूं. गणपतीला मुंबईकर आले. एरवी विसर्जनानंतरही आठ दिवस पत्ते कुटत बसणारे ते, गौरीबरोबर पळाले. जाताना एकजण मला म्हणाला, "काकी, रात को नींद नाही लागत." मी म्हटलं, "मुंबईत तर लय लागते तुला, म्हणून डोळे असे खोल गेलेत."

पण तोंड कितीही चालवलं तरी घरात काय चाललंय ते मला दिसत होतं. अनुपमा त्या आवाजात अडकली होती. टूं झालं की तिचा हात जिथल्या तिथं थांबायचा. तव्यावर भाकरी असो, हातात पाण्याचा हंडा असो. ओळी थांबून काळोख होईपर्यंत ती श्वास धरून उभी राहायची. मग सोडायची. मग पुन्हा टूं. तिची एक भाकरी धड भाजली जाईना, एक घास धड गिळला जाईना. मुरारी गेल्यापासून ती त्या खोलीत गेली नव्हती आणि त्याच्यासाठी रडलीही नव्हती. अजून उठतोय त्याच्यासाठी कसं रडायचं? हातातल्या पाटल्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या तिच्या.

मी सोमा गुरवाला बोलावलं. त्यानं खोलीच्या उंबऱ्यावर नारळ ठेवला, गाऱ्हाणं घातलं, "बा महाराजा, ह्या घरात जो काय अडकलेला असंल त्याला वाट दाखव." आणि काय सांगू, त्याच क्षणी मशीन गप्प झालं. सोमानं माझ्याकडे असं बघितलं, जणू देवानं त्यालाच हाक मारली. मी खांबावरचा पंखा बघितला. पंखा पण थांबला होता. "सोमा, लाईट गेली रे," म्हणेपर्यंत लाईट आली. टूं. सोमा नारळ तिथंच टाकून जो निघाला तो पायऱ्या सोडून बांधावरून उतरला.

दिवाळी झाली, भात घरात आलं, वाल लागले. तेव्हा अनुपमाचा भाऊ रावजी वरंधहून आला. बहिणीला बघून ओटीवर बसलासुद्धा नाही.

"मावशी, एक तर ते भूत बंद करा, नाय तर मी हिला घेऊन जातो."

"भूत कुणाला म्हणतोस? त्याच्या लग्नात दोन पंगतींना बसलास तेव्हा देवमाणूस होता."

"तुम्हाला मुलगा पाहिजे का सून, ते बोला."

असं मला आजवर कुणी तोंडावर विचारलं नव्हतं. उत्तराची वाट न बघता तो सरळ खोलीत घुसला आणि भिंतीतल्या प्लगकडे वळला. मी म्हातारी असले तरी माझं घर मला पाठ आहे. मी त्याच्याआधी भिंतीशी. हातात कोयती होती, पावट्याच्या वेलाला आधार म्हणून शिरड्या, म्हणजे काठ्या, तासत होते मी.

"लाव हात. तुटलेला हात वरंधला न्यायला पिशवी आणलीस काय?"

"मावशी, डोकं ठिकाणावर हाय का?"

"आजी, मामा, दोघं गप बसा!"

ही अक्षदा. मुरारीची मुलगी, लोणेऱ्याला कॉम्प्युटरचंच शिकते. आईसाठी म्हणून आली होती. सणासुदीला यायची तेव्हाही बापाच्या खोलीत पाय ठेवायची नाही, आईच्या कुशीत कान झाकून झोपायची. त्या दिवशी मात्र आत आली. ओळी चढल्या, थांबल्या, आणि काळोख व्हायच्या आत तिनं मोबाईलवर फोटो काढला. मग पाटावर बसून तो बोटांनी मोठा करून वाचत राहिली. तोंड पांढरं पडलं पोरीचं.

"काय लिवलंय?" मी विचारलं.

"आजी, बाबाचा कारभारी घर शोधतोय."

"कुणाचं?"

"स्वतःचं. उठल्यावर त्यानं डिस्क ओळखायची असते. सगळं सामान तिच्यात. आत गेला तरच पुढचं काम. बाबानं वरात कापता कापता ह्या डिस्कला ओळखणारा माणूसच कापला. म्हणून हा येतो, सगळी दारं बघतो, एकही ओळखीचं वाटत नाय. मग तिथंच कोसळतो."

"आणि परत का उठतो?"

"बाबानंच बजावून ठेवलंय. डोंगरावरच्या शाळेत उठवायला कोण असतं? अडकलास तर थोडं थांब आणि पहिल्यापासून ये, असं."

शिमग्यापासून. शेणाचा सडा घातला, भात लावलं, कापलं, झोडलं, गौरी आणल्या, पोचवल्या. तेवढा सगळा काळ माझं पोर दाराशी येत होतं, स्वतःचं घर ओळखू न येऊन परत फिरत होतं, आणि आम्ही सासू-सुना आत बसून ऐकत होतो. माझ्या हातातली कोयती मी खाली ठेवली.

"प्लग काढला तर?" रावजीनं विचारलं. त्याचाही आवाज उतरला होता.

"थांबेल. पण दाराबाहेरच थांबेल."

मागे टूं झालं. आम्ही तिघंही त्या नावाकडे वळलो.

मग अक्षदा म्हणाली, "मी दुसरा कर्नेल बांधते. डिस्क ओळखणारा. तो आत गेला की मग मशीन नीट बंद करता येईल. नीट बंद होताना कारभारी सगळ्यांना सांगतो, आपापलं आवरा. एकेकाचं काम मिटवतो, डिस्कचं दार लावतो, आणि मग स्वतः मालवतो. ह्याला ते करायला मिळालंच नाय कधी."

"ही रीत तेराव्याला का नाय सांगितलीस?"

"तेराव्याला मला कोण विचारत होतं? तू सगळ्यांवर ओरडत होतीस."

मी रावजीकडे वळले.

म्हटलं, "आजचा दिवस दे. नाय जमलं तर प्लग मीच काढते आणि अनुपमाची पिशवी पण मीच भरते." तो ओटीच्या कडेला चहाचा कप घेऊन बसला. अनुपमा परसात वाल सोलत होती, तिला कुणी काही सांगितलं नाही.

अक्षदानं ओटीवर स्वतःचा लॅपटॉप उघडला. तिच्यासमोर यादी होती, तिला शेवटच नव्हता. ती एकेक वाचायची, हा लागेल, हा नको, हा नको. बापासारखीच ओठ चावून. मी शेजारी बसून राहिले. मध्येच म्हटलं, "एखादा पाहुणा जास्त झाला तरी चालंल गो. उपाशी नाय जाणार कोण." तिला हसू आलं, आणि हसताना डोळ्यांतून पाणी आलं. मग लॅपटॉपचा पंखा घोंघावायला लागला, त्याच्याही पडद्यावर ओळी पळायला लागल्या. आत खोलीत त्याच्या ओळी, बाहेर हिच्या. कितीतरी वेळ ते दोन्ही चालू होतं. ऊन ओटीवरून अंगणात सरकलं.

ओळी थांबल्या तेव्हा अक्षदा माझ्याकडे न बघता म्हणाली, "आजी, ह्याच्यात आता माझं नाव येणार. ज्यानं बांधला त्याचं."

मला कुणीतरी पाठीत धपाटा घातल्यासारखं झालं. हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

"तुला पाहिजे असंल तर बाबाचं घालते. मशीन काय तपासत नाय. सांगू ते लिहितं. परत बांधायला लागेल, पण बांधते."

रावजी लगेच म्हणाला, "घाल गो घाल. मावशींना बरं वाटेल."

बरं तर वाटलं असतं. खोटं कशाला बोलू? ते नाव मी दिवसाला किती वेळा बघत होते त्याला गणती नाही. मरायला आलेलं का होईना, ते उठत होतं. पण मला माझे सासरे आठवले. त्यांना जाऊन चाळीस वर्षं झाली, सातबाऱ्यावर अजून तेच शेती करतात. त्यांच्या नावानं भाऊ भांडले, त्यांच्या नावानं सही झाली, ज्या बांधावर ते कधी गेले नाहीत तो बांध त्यांच्या नावानं सरकला. मेलेल्या माणसाकडून काम करून घ्यायला लागलं की त्याला कुणी जाऊ देत नाही.

"नको," मी म्हटलं. "घरात एक मेलेला नावानं राबतोय तेवढा पुरे. तू बांधलास, तुझं नाव."

अक्षदानं तो कर्नेल पेनड्राइव्हवर घेतला. आम्ही खोलीत गेलो. ओळी चढत होत्या.

"आता लाव," रावजी म्हणाला.

"मध्येच नको," अक्षदा म्हणाली. "त्याला येऊ दे जिथवर येतो तिथवर."

तो आला. त्याच्या जागी थांबला. मी मनात म्हटलं, थोडा धीर धर रे बाळा, आता माणूस येतोय दार दाखवायला. काळोख झाला. अक्षदानं पेनड्राइव्ह खुपसला आणि कीबोर्डवर हात ठेवला. मुरारीच्या बोटांनंतर तिथं कुणाचं बोट लागलं नव्हतं. तिनं आधी फुंकर मारली, धूळ उडाली, आणि तिनं कळ दाबली.

टूं.

वरच्या ओळीत दुसरंच नाव आलं. मला वाचता आलं नाही. ती गाय आमच्या गोठ्यातलीच होती, पण शिंगं निराळी.

ओळी चढल्या. चढत चढत त्या जागेजवळ आल्या. माझ्या मागे काहीतरी सळसळलं म्हणून वळून बघितलं तर उंबऱ्यात अनुपमा, पदरात वालाच्या शेंगा तशाच. टूं तिनं ऐकलं असणार, आणि यावेळी थांबण्याऐवजी चालत आली होती. तिनं श्वास धरला होता. खरं सांगायचं तर आम्ही सगळ्यांनी धरला होता. ओळी थांबल्या. तिथंच.

"नाय जमलं," रावजी पुटपुटला.

मग मशीनच्या पोटात खरखर झाली. चपला काढून कुणी पाय पुसावेत तशी. आणि त्या जागेच्या पुढची ओळ आली. मी ती ओळ आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. मग आणखी एक. मग पडदा निळा झाला, नांगरलेल्या शेतावर संध्याकाळ उतरते तेवढाच निळा.

मुरारीनं ती मांडणी डोंगरातल्या पोरांसाठी केली होती, त्यामुळं अक्षरं मराठीत आणि चांगली ढोबळ. मी एकेक लावून वाचली. लिव. मोज. चितार. गाणं लाव. आणि अगदी खाली, जिथं मशीन बंद करायचं असतं तिथं, लाल चौकोनात: बास करा आता.

अनुपमाच्या पदरातल्या शेंगा जमिनीवर पडल्या.

"हे माझं हाय," ती म्हणाली. "आत्या, हे मी बोलायचे. रोज. जेवण गार व्हायचं आणि मी सैपाकघरातनं ओरडायचे, बास करा आता."

"ऐकायचा काय तो?" मला माहीत होतं, तरी विचारलं.

"एक दिवस ऐकलं नाय. आणि सगळ्या शाळांत लिवून ठेवलंय बघा, मेल्यानं."

नवऱ्याला मेल्या म्हणायची आमच्या घरात रीत नाही. मी ते कानाआड केलं. ती आत आली, शेंगा तुडवत, आणि मुरारीच्या खुर्चीत बसली. अक्षदानं तिच्या हाताखाली माउस सरकवला. अनुपमानं तो बाण हळूहळू खाली नेला, दोनदा चुकला, तिसऱ्यांदा त्या लाल चौकोनावर आला. तिथं ती थांबली. मी म्हणू शकले असते, राहू दे गो, आत्ताच तर घरात आलाय, आजची रात्र राहू दे. तोंडापर्यंत आलं होतं. वर्षश्राद्धाला अजून अवकाश होता, आणि माझा शब्द अजून कुणी मोडला नव्हता.

"दाब," मी म्हटलं.

पडदा काळा झाला. पुन्हा ओळी आल्या, पण ह्या निराळ्या, सावकाश, जेवण झाल्यावर भांडी उचलावीत तशा. एकेक काम मिटत गेलं. पोटातली खरखर थांबली. पंखा थांबला. पडद्यावरचा शेवटचा ठिपकाही गेला. आम्ही वाट बघत राहिलो. टूं झालं नाही.

अनुपमा टेबलावर डोकं ठेवून रडली. शिमग्यापासूनचं सगळं. रावजी बाहेर जाऊन अंगणात उभा राहिला. त्याला मोठ्यानं रडणाऱ्या बायकांची सवय नसावी.

रडून झाल्यावर तिनं तोंड धुतलं, अर्धी भाकरी दुधात कुस्करून खाल्ली, आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "आत्या, भावाबरोबर चार दिवस जाऊन येते." मी मशीन थांबवलं ते सून राहावी म्हणून. आता तिला न्यायला कुणी ओढत नव्हतं, ती आपल्या पायानं निघाली होती. "जा," मी म्हटलं, "आणि तिथं पोटभर खा. वरंधच्या लोकांना परवडत नसेल तर तांदूळ सोबत ने." रावजी पहिल्यांदा हसला. अक्षदा त्यांना पोलादपूरपर्यंत सोडायला गेली.

वाडीत मी एकटी. एवढी शांतता मला सोसेना. उठून खोलीत गेले, शेंगा गोळा केल्या, आणि मशीनवर हात ठेवला. ऊबदार होतं. मुरारीला मी हात लावला तेव्हा तो गार पडला होता. महाडची गाडी उशिरा आली होती. आता कुठं जायची घाई नव्हती, म्हणून मी पाटावर बसले आणि हात तसाच ठेवला. म्हटलं, गार होईपर्यंत बसते.

दिवेलागण झाली. उठून देवापाशी दिवा लावला, परत येऊन बसले. समोरच्या बंद घरांवर काळोख उतरला. प्लग मी भिंतीतून केव्हाच काढून ठेवला होता, दोन पाय वर करून फरशीवर पडला होता. मी आयुष्यभर तवे उतरवलेत. लोखंड किती वेळ ऊब धरतं ते मला कुणी शिकवायला नको. हे एव्हाना गार पडायला हवं होतं.

मी हात काढला नाही.